रिंगा बदलल्यावर वीडरचं ऑइल कधी बदललं

पॉवर वीडर (तण काढायचं इंजिनाचं यंत्र) धूर मारायला लागला म्हणून पिस्टनच्या नव्या रिंगा टाकल्या, सिलिंडरला होनिंग केलं, म्हणजे आतली भिंत घासून घेतली. मेकॅनिक म्हणाला, "दादा, आता सीझनभर ऑइलकडे बघू नका." मला काही ते पटलं नाही. वीडरचं होंडा जीएक्स १६० इंजिन नवं असलं तरी पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं असतं, मग दर १०० तासांनी. त्यात या इंजिनाला ऑइल फिल्टर नाही. होनिंगची भुकटी तेलातच फिरते. म्हणून तासभर हलकं चालवून गरम असतानाच ऑइल काढलं. परात उन्हात तिरकी केली तर तळाशी चंदेरी चकाकी! १०डब्ल्यू-३० ग्रेडचं नवं ऑइल भरलं, ६०० मिलीच्या आत भागतं. पुढचं २० तासांनी काढलं, ते बरंच स्वच्छ निघालं.

नुसता कार्बुरेटर साफ केला असेल तर ऑइल बदलायची गरज नाही. डिपस्टिकला (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास आला, तर मात्र इंजिन चालू करण्याआधीच बदला.