खडकावरच्या समुद्री गोगलगाई वेचताय? मग या चुका टाळा

ओहोटीला खडक उघडे पडले की गोगलगाई वेचणं एकदम सोपं वाटतं, होडी नको, जाळं नको, एक पिशवी पुरे. पण ज्याला पळता येत नाही ते संपतंही तितक्याच पटकन, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मोठ्या मोठ्या तेवढ्या उचलणं. लहान सोडल्या ना, मग झालं, असं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. टोपीसारख्या चिकटून बसणाऱ्या लिंपेटच्या काही जाती आधी नर असतात आणि वाढल्यावर मादी होतात, म्हणजे मोठ्या वेचल्या की पिशवीत बहुतेक माद्याच जाणार आणि मागे उरणार नुसते नर, मग अंडी घालणार कोण? त्यामुळे लहान तर सोडाच, पण थोड्या मोठ्याही जागेवर राहू द्या.

दुसरी चूक, सगळ्या जातींना एकच नियम लावणं. कॉमन पेरिविंकलची अंडी पाण्यात सुटतात, पिल्लं काही आठवडे प्रवाहाबरोबर फिरतात, त्यामुळे रिकामा झालेला खडक दुसरीकडून भरू शकतो. डॉगव्हेल्कचं तसं नाही, ती अंड्यांच्या कुप्या खडकालाच चिकटवते आणि त्यातून तयार पिल्लू रांगत बाहेर पडतं, ते तिथेच आसपास राहतं. अशी जागा एकदा साफ केली की बाहेरून भर पडत नाही, वर्षानुवर्षं. तिच्या अंड्यांचे गव्हाच्या दाण्यांसारखे पिवळट पुंजके दिसले तर हात न लावता पुढे जा. चिलीत लोको नावाची गोगलगाय इतकी उपसली गेली की १९८९ ते १९९२ पकड पूर्ण बंद ठेवावी लागली, नंतर मच्छीमारांच्या संघटनांना किनाऱ्याचा आपापला पट्टा सांभाळायला दिला.

दगड उलटा केला तर परत सरळ ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. आणि पाठ समुद्राकडे करून वेचू नका, बाकी सांगायला नको.

आता जिवावरची चूक. सुंदर नक्षीचा, शंकूसारखा शंख दिसला तर उचलू नका, टोकाने धरला तरी नाही. त्यातली कोन स्नेल ही गोगलगाय विषारी दात भाल्यासारखा मारते, त्यावर अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचं उताऱ्याचं औषध, नाही आणि माणसं मेलेली आहेत. नॅसेरियस गटातल्या काही छोट्या गोगलगाईंत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं जीवघेणं विष असतं, तेच फुगू माशातलं, आणि ते उकळून जात नाही, रात्रभर पाण्यात ठेवूनही जात नाही. जात ओळखता येत नसेल तर खायचीच नाही, आणि विषारी शेवाळामुळे वेचायला बंदी असेल तेव्हा तर कुठलीच नाही.

घरी पोचेपर्यंत मरतात, अशी तक्रार असते. बहुतेक वेळा बादलीभर पाण्यात नाहीतर घट्ट बांधलेल्या प्लास्टिकमध्ये आणलेल्या असतात, तिथे ऑक्सिजन संपतो. गोडं पाणी तर नकोच. ओल्या फडक्यात, गारव्यात ठेवा, त्या शंखाच्या तोंडावर आपलं कडक झाकण लावून तासन् तास पाण्याबाहेर राहतात, रोजच्या ओहोटीला तेच करतात की. शिजवण्याआधी प्रत्येकीला टोचून बघा, आत ओढून घेतलं नाही किंवा वास आला तर फेका. शंखातून पाय बाहेर आले तर तो खेकडा आहे, शंखासकट परत सोडा.

मांस रबरासारखं झालं तर जास्त उकळलंय. सुईने फिरवत काढा आणि ते कडक झाकण खाऊ नका.