गिनीपिगचा श्वास महिनोन्महिने वाजत असेल तर

आमच्या भुरीचा श्वास पहिल्यांदा वाजला तो दिवाळीच्या आठवड्यात. रात्री घर निजलं की पिंजऱ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. खाणंपिणं नेहमीसारखं होतं, म्हणून आम्ही पंधरा दिवस वाट पाहिली. ती चूक होती. गिनीपिग हा दुसऱ्याची शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच असतं. आवाज आपल्या कानावर येतो तोवर आतलं बिघडणं बरंच पुढे गेलेलं असू शकतं. भुरीचा तो आवाज पुढे अडीच वर्षं कमीजास्त होत राहिला. त्या काळात काय काय करावं लागलं, ते क्रमाने लिहिते.

१. आधी तातडी ओळखा

गिनीपिग नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून, मान पुढे ताणून श्वास घेताना दिसला, दर श्वासाला कुशी भात्यासारख्या हलत असल्या, ओठ किंवा हिरड्या निळसर दिसल्या, किंवा बारा तास त्याने काहीच खाल्लं नाही, तर पुढचं वाचत बसू नका. तसंच उठून डॉक्टरांकडे जा. नेताना त्याला उताणं धरू नका. अशा वेळी सिरिंजने पाणी किंवा अन्नही पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

२. आवाज नीट ऐका आणि लिहून ठेवा

दिवसातून एखाद-दोन शिंका आल्या तर हरकत नाही. पंजांनी तोंड धुताना डोळ्यांतून पांढरट पाणी येतं, तोही आजार नाही. कुरवाळल्यावरची घुरघुर तर सगळ्यांच्याच ओळखीची. काळजीचा आवाज तो, जो प्राणी झोपेत असतानाही श्वासाच्या लयीत चालू राहतो: शिट्टी, टिकटिक, ओली खरखर, किंवा घुबडाच्या घुत्कारासारखा ‘हू’. त्याला मांडीवर घेऊन आधी नाकापाशी आणि मग बरगड्यांपाशी कान लावा. आवाज कुठे मोठा येतो यावरून तो नाकातला की छातीतला याचा अंदाज येतो. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडतं.

तो झोपलेला असताना, हात न लावता, अर्धा मिनिट कुशीची हालचाल मोजा आणि दुप्पट करा. निरोगी गिनीपिगचे मिनिटाला साधारण ४० ते १०० श्वास होतात. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या प्राण्याचा रोजचा आकडा जास्त महत्त्वाचा. दवाखान्यात गेल्यावर हे प्राणी घाबरून गप्प होतात आणि आवाज नेमका तिथेच थांबतो. म्हणून घरीच अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, नाक आणि कूस दोन्ही दिसतील असा.

सगळ्यात मोठी मदत मला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची झाली. एरवी आठवड्यातून एकदा, आजारपणात रोज, ठरलेल्या वेळी वजन करा. मोठ्या गिनीपिगचं वजन ७०० ते १२०० ग्रॅमच्या आसपास असतं. पन्नास ग्रॅम उतरले तर सावध व्हा, दहावा हिस्सा उतरला तर थांबू नका. आवाजाची कानाला सवय होते, काट्याला होत नाही.

३. घरातली हवा सुधारा

हे काम डॉक्टरांची वेळ मिळण्याआधीच सुरू करता येतं, आणि पुष्कळदा इथेच फरक दिसतो. पिंजऱ्याच्या तळाशी तुमचं नाक न्या आणि तिथे दोन मिनिटं श्वास घ्या. लघवीचा उग्र वास आला तर तो अमोनिया आहे, आणि तुमचा प्राणी चोवीस तास त्यातच असतो. ओली जागा रोज काढा. सुतारकामाचा भुसा अजिबात नको, त्याची बारीक धूळ नाकात जाते. पाइन आणि देवदाराच्या वासाच्या लाकडाच्या शेविंग्जही श्वासाला त्रास देतात. जुनी कापडं किंवा फ्लीस (मऊ, लोकरीसारखं कापड) घाला, खाली वर्तमानपत्र.

सुकं गवत त्याला हवंच, पण ते गॅलरीत नेऊन झटकून मग द्या. डोक्यावर टांगलेल्या जाळीतून ओढलं की धूळ थेट डोळ्यांत आणि नाकात पडते, म्हणून ते खाली ठेवा. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते. ते सुती पिशवीत ठेवा, ऊन मिळालं की पसरा, कुबट वास आला तर टाकून द्या. फवारणी न झालेली ताजी हराळी मिळत असेल तर तीही चांगली.

आता आपल्या घरांच्या सवयी. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, डांबराच्या गोळ्या, फिनाईल, रूम फ्रेशनर आणि सिगारेट यांतलं काहीही पिंजऱ्याच्या खोलीत नको. मिरचीच्या फोडणीची खाट सुटते तेव्हा आपल्याला ठसका लागतो, मग त्या इवल्या नाकाचं काय होत असेल! पिंजरा स्वयंपाकघरातून हलवा. फटाक्यांच्या दिवसांत खिडक्या लावून घ्या. आमच्या घरी देवघर आणि पिंजरा एकाच खोलीत होते. पिंजरा हलवल्यावर तीन आठवड्यांत शिट्टी निम्म्यावर आली.

पाळण्यातल्या बाळाला सर्दी झाली की आपण ओव्याची पुरचुंडी, कापूर, नीलगिरी तेल काढतो. गिनीपिगसाठी हे करू नका. वाफाऱ्याने तो तापतो, आणि उग्र तेलांनी नाकाचं अस्तर आणखी सुजतं. त्याला १८ ते २४ अंश तापमान मानवतं. उन्हाळ्यात गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, पंख्याचा किंवा कूलरचा झोत थेट अंगावर नको.

४. योग्य डॉक्टर शोधा, नेमके प्रश्न विचारा

कुत्र्यामांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या सगळ्याच डॉक्टरांना गिनीपिगचा अनुभव असतो असं नाही. फोनवर स्पष्ट विचारा: गिनीपिग, ससे बघता का? जवळ पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय असेल तर तिथेही चौकशी करा.

बरेच दिवस वाजणाऱ्या श्वासामागे एकच रोग नसतो. बोर्डेटेला किंवा न्यूमोकोकस जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. बोर्डेटेला कुत्र्यांत आणि सशांत काही लक्षणं न दाखवता राहू शकतो, म्हणून घरात ते असतील तर डॉक्टरांना सांगा आणि प्राण्यांना वेगळं ठेवा. नाकात गवताची काडी अडकलेली असते. वरच्या दाढांची मुळं वाढून नाकाच्या वाटेवर दाब येतो. वय झालेल्या प्राण्यांत हृदयाचा आजार किंवा फुप्फुसातली गाठही आढळते. छातीचा एक्स-रे, दातांची तपासणी, नाकातल्या स्रावाचा कल्चर (कोणते जिवाणू आहेत ते वाढवून बघण्याची तपासणी) आणि गरज पडल्यास हृदयाची सोनोग्राफी, यांबद्दल विचारा. भूल देणार असतील तरी तासन्‌तास उपाशी ठेवू नका. गिनीपिगला उलटी होत नाही, आणि उपासाने त्याचं आतडं थांबू शकतं.

५. औषध देताना

घरातलं अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन वर्गातलं कुठलंही औषध तोंडावाटे देऊ नका. त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू वाढतात आणि प्राणी दगावू शकतो. एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा किंवा डॉक्सिसायक्लिन डॉक्टर वापरतात, मात्रा त्यांनीच ठरवायची. बरं वाटलं तरी ठरलेले दिवस पूर्ण करा. लेंड्या लहान, मऊ किंवा कमी झाल्या तर लगेच कळवा.

माणसाप्रमाणे गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. निरोगी प्राण्याला किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारपणात जास्त. ढोबळी मिरचीचा वीस-पंचवीस ग्रॅमचा तुकडा आणि थोडी कोथिंबीर रोज द्या. पाण्यात थेंब टाकण्याचा उपयोग कमी, कारण ते पाण्यात लवकर नाहीसं होतं.

खाणं कमी झालं आणि श्वास स्थिर असेल, तर भिजवून कुस्करलेल्या पेलेट्स (गिनीपिगच्या तयार खाद्याच्या गोळ्या) एक मिलिलिटरच्या सिरिंजने, तोंडाच्या कडेने, थोड्या थोड्या भरवा. प्रत्येक घास गिळला की मगच पुढचा.

६. आवाज पूर्ण गेला नाही तर

काहींचा आवाज उपचारानंतरही राहतो. भुरीचा राहिला. आमच्या डॉक्टरांनी साध्या सलाइनचे बारीक तुषार नेब्युलायझरने द्यायला सांगितले होते: तिला प्रवासी पेटीत ठेवून, टॉवेल अर्धवट टाकून, दहा मिनिटं. माणसांच्या दम्याची औषधं त्यात आपल्या मनाने मिसळू नयेत. पेटीत सोबतीण, म्हणजे आमची दुसरी गिनीपिग, असली की भुरी शांत बसायची, म्हणून दोघींना एकत्र न्यायचो.

फ्रिजवर एक कागद चिकटवला होता: तारीख, वजन, श्वासांची संख्या, आवाज, लेंड्या. एका महिन्यात आवाज तसाच होता, पण श्वास ७० वरून ११० वर गेले आणि वजन चाळीस ग्रॅमने उतरलं. कागद घेऊन आम्ही त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. हृदय वाढलेलं निघालं, औषध सुरू झालं, आणि भुरी आणखी चौदा महिने ढोबळी मिरचीसाठी ओरडत राहिली.