उन्हाळ्याआधी मांजराच्या पाण्याची तयारी

होळीच्या सुमारास बेळगावात माठ बाहेर निघतात, तेव्हाच मांजराच्या पाण्याचाही बंदोबस्त करून टाकावा. एप्रिलमध्ये शहर तापतं, अथणी-रायबागकडे तर विचारूच नका. मांजर कोरड्या मुलखातल्या रानमांजराच्या वंशातलं. शिकारीतल्या ओलाव्यावर भागवायची त्याची जुनी सवय, त्यामुळे तहान लागली तरी ते लगेच वाटीकडे वळत नाही.

आधी हिशेब करा. किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली, म्हणजे चार किलोच्या बोक्याच्या पोटात खाण्यातलं धरून २०० मिली पाणी जायला हवं. कोरड्या दाण्यांत ओलावा जेमतेम १० टक्के. ५० ग्रॅम खाल्ले तर मिळालं ५ मिली. ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं, ८५ ग्रॅमच्या एका पाकिटातून ६५ मिलीच्या आसपास सहज जातं. निदान एक वेळचं खाणं ओलं करा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाकिटं परवडत नसतील तर चिकन नुसत्या पाण्यात उकडा, हाडं काढा आणि तेच पाणी कोमट करून जेवणावर ओता. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रश्श्यातला तुकडा धुऊन देणारे आहेत की आपल्यात, पण तो कांद्यातच शिजलेला असतो! दुधाला पाणी समजू नका. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, आणि ढाळ लागले की अंगातलं पाणीही जातं.

भांडं रुंद, उथळ आणि जड घ्या. खानापूरकडच्या मातीचं परळ मला सगळ्यात आवडतं, पाणी गार राहतं. मात्र आत बुळबुळीत थर धरतो. बोट फिरवून बघा, लगेच कळेल. रोज काथ्याने घासायला हवं. स्टीलची वाटीही चालते. दोन-तीन जागी पाणी ठेवा: एक माडीवर, एक दुपारी ते जिथे लोळतं तिथे. त्याच्या शी-शूच्या पेटीजवळ मात्र नको, जेवणाच्या ताटलीपासूनही थोडं लांबच बरं. मांजरांसाठी मिळणारं विजेवरचं पाण्याचं कारंजं घेणार असाल तर घ्या, पण वीज गेली की ते बंद, म्हणून शेजारी साधी वाटी असू द्या.

राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी सगळ्या गल्ल्यांत रोज येतंच असं नाही. मांजरासाठी एक कळशी वेगळी झाकून ठेवा. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येत असेल तर काही तास उघडं ठेवून मग वाटीत ओता. साठवणीच्या पिंपावर घट्ट झाकण हवं. मांजर काठावर चढतं आणि आत पडतं. यात्रेला गावी जाणार असाल तर भरलेल्या वाट्यांच्या भरवशावर त्याला सोडू नका, शेजारच्या काकूंना रोज एक फेरी मारायला सांगा.

एरवी हिरड्यांना बोट लावून बघायची सवय ठेवा. त्या ओल्या, गुळगुळीत हव्यात. चिकट लागल्या किंवा मानेची कातडी उचलून सोडल्यावर सावकाश खाली बसली, तर डॉक्टरांना दाखवा. म्हातारं मांजर एकाएकी खूप पाणी प्यायला लागलं तर खूश होऊ नका, मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासून घ्या. बोका सारखा पेटीत जाऊन बसतो, कळवळतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लघवी तुंबणं जिवावर बेततं. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशींचीच गर्दी असते, म्हणून मांजर तपासणारे डॉक्टर कोण आणि ते रात्री भेटतात का, हे आत्ताच विचारून नंबर फोनमध्ये घालून ठेवा. न्यायची जाळीची पेटी माळ्यावर असेल तर खाली काढा आणि तिची कडी नीट लागते का बघा.