जाहिरातींवर चालणाऱ्या साइटसाठी कमाई देणारे कीवर्ड कसे निवडावेत

गूगल ॲड्समधला कीवर्ड प्लॅनर (लोक गूगलवर कोणते शब्द, म्हणजे कीवर्ड, शोधतात आणि जाहिरातदार त्यांवर किती बोली लावतात हे दाखवणारं साधन) उघडायचा, सगळ्यात महाग बोलीचा शब्द शोधायचा आणि त्यावर लेख लिहायला बसायचं. नव्या साइटचे पहिले कित्येक महिने वाया जातात ते नेमके यात. प्लॅनरमध्ये दिसणारी बोली सर्चच्या निकालांच्या पानावरच्या जागेची असते. तुमच्या पानावरच्या जाहिरातीचा लिलाव वेगळा होतो आणि तिथला भाव बहुतेक वेळा बराच कमी निघतो. सर्च करणाऱ्याने आपली गरज स्वतः टाइप केलेली असते. तुमच्या पानावर तो वाचायला आलेला असतो, जाहिरात त्याला जाता जाता दिसते. कित्येक जाहिरातदार फक्त सर्चपुरतीच मोहीम चालवतात, म्हणजे तुमच्या लिलावात ते येतच नाहीत. शिवाय ॲडसेन्स (तुमच्या साइटवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) पानाच्या विषयासोबत वाचकाचा देश आणि त्याची आवडही बघतं. त्यामुळे बोली दुप्पट म्हणून कमाई दुप्पट, असं होत नाही.

तरीही बोली उपयोगाची आहे, पण दोन शब्दांची तुलना करण्यापुरती. 'पानाच्या वरच्या जागेची बोली' दोन रकान्यांत मिळते, कमी आणि जास्त. कमीचा रकाना धरा. जास्तीचा आकडा मोजक्या मोठ्या जाहिरातदारांमुळे फुगलेला असू शकतो. दोन्हींत दहापट फरक दिसला, तर त्या एका शब्दामागे दोन वेगळ्या गरजा असण्याची शक्यता असते आणि तुमचा वाचक बहुधा स्वस्त गरजेचा असतो. शेजारचा 'स्पर्धा' हा रकाना तर हमखास चुकीचा वाचला जातो. ती जाहिरातदारांमधली स्पर्धा आहे. रँक करणं, म्हणजे गूगलच्या निकालांत वर येणं, किती अवघड, हे त्यावरून कळत नाही. उलट तिथे 'उच्च' लिहिलेलं असणं तुमच्या फायद्याचं, कारण त्या विषयावर खर्च करणारे बरेच आहेत.

शब्द शोधायला कुठून सुरुवात करायची

विषयापासून सुरुवात केली की यादी फार पसरते. वाचक या अडचणीत कुठे पैसे खर्च करतो, हा प्रश्न आधी विचारा. वर्डप्रेसवर (साइट बनवायची प्रणाली) बनवलेली साइट एका होस्टिंगवरून (साइट ठेवायची भाड्याची जागा) दुसऱ्यावर हलवणारा माणूस घ्या. त्याला नवं होस्टिंग लागणार, बॅकअपचं प्लगइन लागणार, कदाचित डोमेनही हलवावं लागणार. या प्रत्येक वस्तूचा विक्रेता जाहिरात करतो. आता हलवण्याआधी, हलवताना आणि हलवल्यानंतर येणाऱ्या अडचणी लिहून काढा: साइट हलवताना ईमेल बंद पडतात का, हलवल्यावर चित्रं का दिसत नाहीत, डीएनएस (साइटचं नाव तिच्या सर्व्हरशी जोडणारी यंत्रणा) बदलायला किती वेळ लागतो. गूगलच्या सर्च पेटीत अर्धं वाक्य टाइप केल्यावर येणाऱ्या सूचना, निकालांमधले 'लोक हेही विचारतात' चे प्रश्न आणि पानाच्या तळाशी येणारे संबंधित शोध यांतून आणखी तीस-चाळीस शब्द सहज निघतात.

ही यादी प्लॅनरमध्ये 'नवीन कीवर्ड शोधा' खाली टाका. शब्दांऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या पानाचा पत्ता दिला तरी चालतो, आणि अनेकदा तीच वाट जास्त फळते. सुरू करण्याआधी देश आणि भाषा नीट निवडा, नाहीतर भलत्याच बाजाराचे आकडे हातात येतात. जवळजवळ सारख्या शब्दांना प्लॅनर एकच आकडा दाखवतो. एकवचन आणि अनेकवचन दोन्हींपुढे १,३०० दिसले म्हणजे २,६०० शोध होत नाहीत.

गूगल ॲड्सवर खर्च न करणाऱ्या खात्याला नेमका आकडा मिळत नाही, '१ हजार ते १० हजार' असा पट्टा दिसतो. १,१०० आणि ९,००० शोधांचे शब्द त्यात शेजारी शेजारी बसतात. यावर एक चांगला उपाय आहे. सर्च कन्सोलमध्ये (तुमची साइट गूगलच्या निकालांत कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) तुमचं पान महिनाभर पहिल्या पाचांत टिकून राहिलं असा एखादा शब्द निवडा. त्याची इम्प्रेशन्स (निकालांत पान किती वेळा दिसलं तो आकडा) म्हणजे त्या महिन्यातले शोध साधारण तितकेच. तो शब्द आणि नवा शब्द गूगल ट्रेंड्समध्ये एकत्र टाका. ट्रेंड्स ० ते १०० अशा सापेक्ष मापात दाखवतं, त्यामुळे दोघांचं गुणोत्तर मिळतं आणि त्यावरून नव्या शब्दाचा अंदाज बांधता येतो. अगदी कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दांना ट्रेंड्समध्ये रेषच येत नाही, तिथे हा उपाय चालत नाही.

हिशेब मांडा

२०२४ च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स प्रकाशकांना मुख्यतः क्लिकवर नाही, तर जाहिरात दिसण्यावर पैसे देतं. म्हणून क्लिकच्या किमतीपेक्षा पानाचा आरपीएम, म्हणजे हजार वेळा पान उघडल्यावरची कमाई, हाच आकडा धरायचा. खालचे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवायला घेतलेत, चलन कोणतंही समजा.

'वेब होस्टिंग': महिन्याला ४०,००० शोध, आरपीएम ३००. नवी साइट अठराव्या क्रमांकावर, शोधणाऱ्यांपैकी क्लिक करणारे ०.२%. वाचक ८०, प्रत्येकी एकच पान, कमाई २४.

'वर्डप्रेस साइट हलवल्यावर चित्रं दिसत नाहीत' आणि तसेच तीसेक छोटे प्रश्न एकाच पानावर: मिळून १,५०० शोध, आरपीएम २२०. तिसरा क्रमांक, क्लिक १०%. वाचक १५०, प्रत्येकी सरासरी १.४ पानं, म्हणजे २१० वेळा पान उघडलं. कमाई ४६.

'डीएनएस म्हणजे काय': ५,००० शोध, चौथा क्रमांक. पण उत्तर निकालांच्या पानावरच वाचायला मिळतं म्हणून क्लिक ४%. वाचक २००, प्रत्येकी एकच पान, आरपीएम ४०, कमाई ८.

सगळ्यात कमी शोधांचा शब्द पुढे गेला. व्याख्या, एककांचं रूपांतर, तारखा, वय काढणं असल्या शब्दांचं तिसऱ्यासारखंच होतं. उत्तर एका ओळीत संपतं आणि गूगल ती ओळ वरच दाखवून टाकतं. आरपीएमचा अंदाज घ्यायला ॲडसेन्समध्ये साइटच्या प्रत्येक विभागासाठी वेगळं यूआरएल चॅनेल (ठरावीक पत्त्यांच्या पानांची कमाई वेगळी मोजणारी सोय) बनवा. चॅनेल बनवल्याच्या दिवसापासूनच मोजतं, मागची आकडेवारी देत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात बनवून ठेवा.

निकालांचं पान डोळ्यांनी बघा

हे काम कुठल्याही साधनावर सोडू नका. एसइओच्या (सर्चमध्ये वर येण्यासाठीच्या) साधनांमधला अवघडपणाचा आकडा बहुतांशी पहिल्या दहा पानांना बाहेरून किती लिंक आहेत यावर बेतलेला असतो. ती पानं वाचकाचं काम करतात की नाही, हे त्यात उतरत नाही. खाजगी विंडोत शब्द टाका आणि तीन गोष्टी टिपा. वर जाहिराती किती आहेत? तीन-चार असतील तर पैसा आहे. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी पाहूनही एकही नसेल तर तो शब्द खाली ढकला. पहिल्या दहांत तुमच्या आकाराची एखादी साइट, चर्चामंच किंवा जुनं, अर्धवट उत्तर आहे का? एकही नसेल तर शब्द कितीही मोहक असो, आत्ता सोडा. आणि वर आलेली पानं कोणत्या प्रकारची आहेत? सगळी विक्रीची पानं असतील तर तिथे मार्गदर्शक लेख चढत नाही, तो कितीही चांगला असला तरी.

काही शब्द यादीतून सरळ काढून टाका. ब्रँडच्या नावापुढे 'लॉगिन' किंवा 'ग्राहक सेवा क्रमांक' असलेल्या शोधात माणसाला अधिकृत साइटच हवी असते. तो तुमच्याकडे चुकून येतो आणि लगेच परततो. क्रॅक, पायरेटेड डाउनलोड असल्या शब्दांनी तर खातंच धोक्यात येतं. जुगार, मद्य असे विषय मर्यादित प्रकारात मोडतात, त्यांच्यावर बोली लावणारेच कमी असतात.

आरोग्य आणि पैसा हे विषय बोलीत चमकतात. पण त्यांत गूगल विश्वासार्हतेची कसोटी कडक लावतं, आणि आरोग्याच्या बाबतीत वाचकाची आवड पाहून जाहिराती दाखवायलाही गूगलच्या नियमांची आडकाठी आहे. त्या विषयाचं खरं ज्ञान असलेला माणूस लिहायला नसेल तर हात घालू नका. अशा लेखावर विसंबून कुणीतरी औषध घेतं किंवा कर्ज काढतं.

लेख चढवल्यानंतर

तीनेक महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचं फिल्टर लावा, क्वेरी (लोकांनी टाइप केलेले शोध) इम्प्रेशन्सनुसार लावा आणि सरासरी स्थान ८ ते २० मधल्या वेगळ्या काढा. पानात ज्यांचं उत्तर नाही पण विषय तोच आहे, त्यांच्यासाठी एकेक उपशीर्षक आणि नीट परिच्छेद लिहा. ज्यांची गरजच वेगळी आहे, त्यांना स्वतंत्र पान द्या. एकाच क्वेरीवर तुमची दोन पानं आलटून पालटून दिसत असतील, तर कमकुवत पानातला मजकूर दुसऱ्यात घाला आणि जुना पत्ता ३०१ ने (कायमच्या रीडायरेक्टने) वळवा. वर्षअखेरीला जाहिरातींचे भाव चढतात आणि जानेवारीत घसरतात, म्हणून नव्या पानाची कमाई मागच्या महिन्याशी ताडून पाहू नका. त्याच महिन्यातल्या इतर विभागांच्या आरपीएमशी तुलना करा. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती ठेवतं, तेव्हा दर महिन्याला ती उतरवून स्वतःच्या तक्त्यात जमा करा.