कॅसेशियस नाणं घेण्याआधी
बिटकॉइन साठवलेल्या धातूच्या नाण्याची सगळी किंमत होलोग्राम स्टिकरखालच्या खासगी कीमध्ये, म्हणजे ते बिटकॉइन खर्च करायच्या गुप्त कोडमध्ये असते. अमेरिकेतल्या माइक कॅल्डवेल यांनी २०११ ते २०१३ दरम्यान काढलेली कॅसेशियस बिटकॉइन नाणी बघा. नाण्यावर त्याच्या बिटकॉइन पत्त्याची (खाते क्रमांकासारखी ओळख) सुरुवातीची अक्षरं दिसतात. त्यांवरून पूर्ण पत्ता शोधून ब्लॉकचेन एक्सप्लोररवर (बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर) शिल्लक तपासा. रक्कम आधीच काढलेली असेल, तर उरतो फक्त संग्राहकांचा धातू. शिल्लक दिसली तरी निर्धास्त होऊ नका: २०१३ च्या डेफकॉन या हॅकर परिषदेत द्रावक आणि सुई वापरून होलोग्राम उचलून दाखवला होता, म्हणजे की कुणी आधीच वाचलेली असू शकते. शिवाय बनवणाऱ्याने कीची प्रत ठेवलेली नाही, हे पडताळायचा मार्गच नाही. मला तरी बचतीसाठी अशी नाणी धोक्याची वाटतात. घ्यायचंच असेल, तर की तुमच्याच पासवर्डने एन्क्रिप्ट करून बनवलेलं नाणं निवडा.