आपत्ती पूर्वतयारी शिकवायचीय? आधी शिकवणारे कुठून आलेत ते बघा

"माझं बॅकग्राउंड यातलं नाही, तरी मला आपत्ती पूर्वतयारीचा ट्रेनर होता येईल का?" हा प्रश्न मला नवीन लोक सारखा विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी स्वतः गोडाऊनमधून आलेय. नऊ वर्षं स्टॉक रजिस्टर, आवक-जावक, कुठला माल कधी संपेल याचा हिशोब, एवढंच काम होतं. आता भूकंप, पूर, चक्रीवादळ यांच्या तयारीचे क्लास घेते.

या क्षेत्रात सगळे एकाच दारातून आलेले नसतात. फायर ब्रिगेडवाले, नर्स, पॅरामेडिक, सैन्यातून निवृत्त झालेले, सिव्हिल इंजिनिअर, भूगर्भशास्त्र किंवा हवामान शिकलेले, शाळेतले शिक्षक, सोशल वर्कवाले, सगळे भेटतात. हल्ली आपत्ती व्यवस्थापनाची डिग्री, डिप्लोमा घेऊन थेट येणारी मुलंमुली पण आहेत. आणि शिकताना मला जे सगळ्यात उपयोगी पडलं ते हे, की माणसाचं जुनं काम त्याला काय दिसणार ते ठरवतं आणि काय निसटणार तेही.

माझे पहिले ट्रेनर फायर ब्रिगेडचे. त्यांनी पहिल्याच दिवशी एक काँक्रीटचा स्लॅब, एक पहार आणि लाकडी ठोकळ्यांचा ढीग समोर ठेवला. स्लॅबखाली अडकलेला माणूस म्हणून बाहुला. आम्ही चौघांनी जोर लावून स्लॅब उचलला आणि एकजण लगेच बाहुला ओढायला हात घालणार तेवढ्यात ते जोरात ओरडले, थांब! मग शांतपणे दाखवलं: इंचभर उचला, इंचभर ठोकळा सरकवा, परत इंचभर उचला. ठोकळे दोन-दोन आडवे-उभे रचत जायचं, म्हणजे पहार निसटली तरी स्लॅब खाली बसत नाही. बाहुला बाहेर काढायला आम्हाला वीस मिनिटं लागली आणि त्यांना तीच वीस मिनिटं हवी होती. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात सामान्य लोकांनी कुठलंही ट्रेनिंग नसताना सुमारे ८०० जणांना वाचवलं, पण त्या धडपडीत १०० हून जास्त स्वयंसेवकांचा जीव गेला. लॉस एंजेलिसच्या फायर डिपार्टमेंटने नागरिकांसाठी कोर्स सुरू केला तो याच अनुभवानंतर, त्यामुळे अशा कोर्समध्ये फायरवाल्यांची शिस्त इतकी का असते ते कळतं.

नंतरच्या ट्रेनर इमर्जन्सी वॉर्डमधल्या नर्स. त्यांच्या ड्रिलमध्ये पंधरा जण जखमी होऊन पडलेले, त्यातला एक प्रचंड ओरडत होता. मी धावत त्याच्याकडे गेले. मॅडम मागून आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तो ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. तो कोपऱ्यातला गप्प आहे, आधी तिकडे जा." मग ट्रायाज, म्हणजे जखमींमध्ये आधी कोणाकडे जायचं ते ठरवणं, शिकवलं. चालता येणाऱ्यांना आधी बाजूला जायला सांगायचं, उरलेल्यांमध्ये श्वास मिनिटाला ३० च्या वर आहे का, नख दाबून सोडलं की रंग २ सेकंदांत परत येतो का, साधी सूचना पाळता येते का, एवढंच बघून पुढच्याकडे. ओरडणाऱ्याला सोडून पुढे जाणं किती जड जातं ते पुस्तक वाचून नाही कळत.

आता जरा नाजूक मुद्दा. रेस्क्यूचा मोठा अनुभव असलेल्या एका ट्रेनरने आम्हाला शिकवलं होतं की भूकंपात टेबलाखाली जाऊ नका, जड फर्निचरच्या शेजारी आडवे व्हा, तिथे पोकळी राहते. मी ते पुढे काही बॅचना सांगितलंसुद्धा, त्याचं मला अजून वाईट वाटतं. एका स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंनी ते दुरुस्त केलं. त्या म्हणाल्या, रेस्क्यूवाला जातो कुठे, तर पडलेल्या इमारतीत, म्हणून त्याला सगळीकडे पोकळ्या दिसतात, पण बऱ्याच इमारती पडतच नाहीत आणि तिथे लोकांना लागतं ते पडणाऱ्या कपाटाने, काचेने, छतातल्या दिव्याने. म्हणून खाली बसा, मजबूत टेबलाखाली जा, टेबलाचा पाय धरून ठेवा, हाच सल्ला बरोबर. त्या रेस्क्यूवाल्यांचा हेतू वाईट नव्हता, ते आयुष्यभर जे बघत आले तेच त्यांनी सांगितलं. त्याच इंजिनिअर बाईंना मात्र लोकांशी बोलता यायचं नाही, स्लाइडवर ग्राफवर ग्राफ, अर्धा वर्ग मोबाईलमध्ये.

शिकवण्याची हातोटी शिकायची तर जपानमधल्या कामाइशी या किनाऱ्यावरच्या शहराचं उदाहरण बघा. तिथे प्रा. तोशिताका काताडा यांनी २०११ च्या त्सुनामीच्या आधी काही वर्षं शिक्षकांना सोबत घेऊन मुलांना तयार केलं. काताडा मूळचे इंजिनिअरिंगवाले, पण पाणी कुठवर येईल याचे नकाशे वाटून ते थांबले नाहीत. नकाशावर सुरक्षित दिसतंय म्हणून विश्वास ठेवू नका, त्या क्षणी जमेल तेवढं सगळं करा आणि सगळ्यात आधी तुम्ही पळा, म्हणजे बाकीचे मागे येतील, हे त्यांनी मुलांच्या अंगी बाणवलं. ११ मार्चला, त्सुनामीच्या दिवशी, मोठी मुलं पळाली, त्यांना बघून शेजारच्या शाळेतली लहान मुलं निघाली, ठरलेल्या जागी पोचून तिथेही धोका वाटला तेव्हा अजून वर गेली. शहरातली जवळपास ३००० शाळकरी मुलं वाचली. हे वाचून मला आजही भरून येतं.

मग गोडाऊनवालीने काय शिकवायचं? पहिल्या स्वतंत्र क्लासला मी फळ्यावर एकच गणित लिहिलं. निवारा केंद्रात २०० माणसं, माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, ३ दिवस. उत्तर ९००० लिटर. हे कुठे साठवणार, कोण भरणार, चावी कोणाकडे, ५० माणसांमागे एक संडास धरला तर ४ लागतात ते कुठे? वर्गात एकदम शांतता आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. आजपर्यंतच्या कुठल्याच ट्रेनरने हे विचारलं नव्हतं असं एकजण नंतर येऊन म्हणाला. तुम्ही अकाउंट्समध्ये असा, बस चालवत असा, अंगणवाडीत असा, तुमच्या कामातलं असं काहीतरी नक्की असतं, ते शोधा.

सुरुवात करताना कोर्सची फी बघण्याआधी ट्रेनरला सरळ विचारा की तुम्ही आधी काय करत होता, प्रत्यक्ष कुठल्या आपत्तीत काम केलंय आणि तुमच्या विषयाबाहेरचं शिकवायला कोणाला बोलावता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "मीच सगळं शिकवतो" असेल तर मी दुसरा कोर्स बघेन. निदान तीन वेगळ्या कामांतून आलेल्या लोकांकडून शिका, मग वर्षभर कोणाच्या तरी हाताखाली असिस्टंट म्हणून उभे राहा, ठोकळे उचला, बाहुले पुसा, हजेरी घ्या. आणि प्रथमोपचार आणि सीपीआरचं सर्टिफिकेट आधी काढा, ते जवळपास सगळीकडे मागतात, साधारण २ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तर तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा.