टिनच्या डब्याचे स्टर्लिंग इंजिन घरी कसे करावे

स्कॉटलंडचे धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्ये पेटंट घेतलेल्या या इंजिनात वाफ, बॉयलर, झडपा यांपैकी काहीच नसते. बंद डब्यातली तीच ती हवा तापून फुगते आणि थंड होऊन आकसते. परभणीच्या उन्हाळ्यात ही हवा तापवणे सोपे असते, थंड ठेवणे मात्र अवघड.

कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा स्वच्छ करून घ्यावा. त्याच्या आत वर-खाली सरकणारा डिस्प्लेसर, म्हणजे हवेला गरम आणि थंड टोकांमध्ये ढकलणारा भाग, भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा करावा. तो भिंतीपासून सगळीकडे २ ते ३ मिलिमीटर सुटा असावा आणि त्याला २ सेंटिमीटर धाव मिळेल इतकाच उंच ठेवावा. घासणी हलकी असते, शिवाय तिच्या तारा गरम हवेतील उष्णता धरून ठेवतात आणि परतणाऱ्या हवेला ती देतात. स्टर्लिंग यांच्या पेटंटचा गाभाही हाच होता.

डिस्प्लेसरला सायकलचा आरा जोडून तो पत्र्याच्या झाकणात बसवलेल्या पितळी नळीतून बाहेर काढावा. आरा सैल असला तर हवा गळते आणि घट्ट असला तर इंजिन अडते. म्हणून तेलाचा एक थेंब सोडून तो आपल्या वजनाने अलगद खाली उतरतो का, ते पाहावे आणि मगच झाकण एपॉक्सी पुटीने बंद करावे.

डब्याच्या वरच्या, थंड राहणाऱ्या भागात भोक पाडून पीव्हीसीचा एल्बो (काटकोनात वळलेला पाइपचा जोड) चिकटवावा व त्याच्या तोंडावर फुग्याचे रबर किंचित सैल बांधावे. जाड तारेच्या क्रँकला, म्हणजे डिस्प्लेसर आणि रबर यांना चाकाशी जोडणाऱ्या वाकवलेल्या आसाला, डिस्प्लेसरसाठी १ सेंटिमीटरचा आणि रबरासाठी सुमारे अर्धा सेंटिमीटरचा बाक द्यावा. दोन्ही बाकांत ९० अंशांचा कोन हवाच. चाक म्हणून तीन-चार जुन्या सीडी पुरतात.

माझे पहिले इंजिन आठ दिवस जागचे हलले नव्हते. शेवटी सांध्यांना साबणाचे पाणी लावून रबर बोटाने दाबले, तेव्हा एल्बोपाशी टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा दिसला. ही तपासणी आधीच करावी.

झाकणाभोवती पत्र्याची कड उभारून त्यात माठातले पाणी घालावे. नळीचे तोंड पाण्याच्या वर राहू द्यावे. पंखा बंद करून बुडाखाली स्पिरिटचा दिवा लावावा आणि दोन मिनिटांनी चाकाला हलकेच गती द्यावी. डिस्प्लेसर रबराच्या पाव फेरा पुढे राहतो त्याच दिशेने हे इंजिन चालते, त्यामुळे चाक थांबल्यास उलट बाजूने फिरवून पाहावे. मे महिन्यात हा प्रयोग सकाळी सातच्या आत करावा, कारण दुपारी झाकणावरचे पाणी पाहता पाहता कोमट होते आणि चाक मंदावते.